भौतिकशास्त्रातलं संशोधन, संसार आणि बदलती गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनी, त्यांच्या जोडीदारांनी आणि बऱ्याचदा आईवडिलांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. नियम देशागणिक वेगळे असतात आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून निर्णय घेण्याआधी संबंधित संस्थेकडून ताजा नियम लेखी मागून घ्या. सगळ्या उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे. कुठल्या संशोधन-ग्रुपमध्ये जायचं हे ठरवताना घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कामाचा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा, तिकिटं काढताना नव्हे.

१. पीएचडीपासून कायमच्या नोकरीपर्यंत किती वर्षं लागतात? किती गावं बदलावी लागतात?

एमएस्सीनंतर पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षं, आणि मग दोन-तीन वर्षांच्या दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या माणसाला कायमची नोकरी तिशीच्या मध्यावर लागते. तोवर तीन-चार शहरं आणि बहुतेकदा दोन देश होतात. सैद्धान्तिक कणभौतिकी आणि खगोलभौतिकीत दोन पोस्टडॉक जवळजवळ गृहीतच धरतात. घनपदार्थांवरच्या प्रयोगांत कधीकधी एका चांगल्या पोस्टडॉकवर काम भागतं. लग्न, पहिलं मूल आणि आईवडिलांची निवृत्ती नेमकी याच दहा-बारा वर्षांत येते. अडचण इथे आहे, आणि ती कोणा एकाच्या नियोजनशून्यतेमुळे येत नाही.

२. फेलोशिपवर दोघांचं घर चालतं का?

केंद्र सरकारच्या दरानुसार १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. संस्थेचं वसतिगृह नसेल तर वर घरभाडे भत्ता. पीएचडीनंतर देशातच रिसर्च असोसिएट म्हणून राहिलात तर पातळीनुसार ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये. पुण्यात पाषाण-बाणेरच्या बाजूला एक खोली-स्वयंपाकघर घेऊन दोघांचं भागतं, पण बाजूला फारसं काही पडत नाही. मुंबईत संस्थेचं घर नसेल तर ओढाताण ठरलेली.

पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. हप्ता दोन-तीन महिने रखडल्याच्या तक्रारी अनेक संस्थांमधून येतात. लग्न झालेल्यांनी किमान चार महिन्यांचं भाडं आणि किराणा यांचे पैसे वेगळे ठेवावेत. गृहकर्जाचा हप्ता या काळात अंगावर घेऊ नये.

३. आमची मुलगी पीएचडी करतेय. लग्नाचं आत्ता बघावं की थीसिस झाल्यावर?

हा प्रश्न मुलांच्या आईवडिलांकडून क्वचितच येतो, मुलींच्या आईवडिलांकडून मात्र सतत येतो. लग्न केव्हा करायचं हे तिनं ठरवावं. तुम्हाला खरोखर मदत करायची असेल तर स्थळाशी पहिल्याच बोलण्यात सगळं स्पष्ट सांगा. ‘लग्नानंतर मुलगी पुण्यातच राहणार ना?’ असं विचारलं जातंच. त्यावर ‘बघू पुढे’ म्हणू नका. ‘दोन वर्षांनी ती बहुधा परदेशी पोस्टडॉकला जाईल, आणि त्यानंतर नोकरी भोपाळला लागेल की तिरुपतीला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही’ असं सांगा. हे ऐकून जे घर मागे हटेल ते आधीच हटलेलं बरं.

तारखेपुरतंच सांगायचं तर थीसिस लिहिण्याचे शेवटचे सहा महिने आणि पोस्टडॉकच्या अर्जांचा हंगाम (प्रश्न ६ पाहा) टाळावा. बाकी कुठलाही मुहूर्त चालेल.

४. पीएचडी चालू असताना मूल झालं तर रजा मिळते का? मुदत वाढते का?

दोन्ही मिळतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे विद्यार्थिनीला पीएचडीच्या संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. पीएचडीची कमाल मुदत एरवी सहा वर्षं असते आणि पुनर्नोंदणीनं ती आठपर्यंत जाते. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे एकूण दहा.

मुदत वाढली म्हणजे फेलोशिप वाढली असं नाही. ती पाच वर्षांनी थांबते. रजेच्या काळातले पैसे मिळतील का आणि शेवटी तेवढे महिने जोडून मिळतील का, हे दोन प्रश्न फेलोशिप देणाऱ्या संस्थेला वेगवेगळे आणि लेखी विचारा. गाइडनं तोंडी ‘काळजी करू नकोस’ म्हटलेलं मनाला धीर देतं, पण लेखा विभागात त्याचा उपयोग नसतो.

वडिलांची बाजू फार कमकुवत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, पण पीएचडी करणाऱ्या मुलाला किती मिळेल हे बहुतेकदा गाइडच्या मनावर असतं. बाळाचा बाप असलेल्या विद्यार्थ्यानं ती न लाजता मागावी. गाइड मंडळींनीही मागायची वाट न पाहता ती द्यावी.

५. मी प्रयोगशाळेत काम करते आणि दिवस गेले आहेत. काम थांबवू का?

सगळं थांबवायची गरज क्वचितच पडते. काय थांबवायचं ते मात्र नेमकं माहीत हवं. किरणोत्सारी स्रोत, क्ष-किरण यंत्र किंवा त्वरकावर (अ‍ॅक्सिलरेटरवर) काम असेल तर संस्थेच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लगेच, लेखी कळवा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार गरोदरपण कळवल्यापासून पुढच्या काळात गर्भाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा १ मिलिसीव्हर्टच्या (मात्रा मोजायचं एकक) आत ठेवावी लागते. एरवी किरणोत्सार-कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट असते, म्हणजे फरक मोठा आहे. हे संरक्षण तुम्ही कळवल्यापासून सुरू होतं. म्हणून तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही घरची पद्धत इथे मोडावी लागते. निदान एका अधिकाऱ्यापुरती तरी मोडाच.

हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी रसायनं, सेंद्रिय द्रावकांच्या वाफा, द्रव नायट्रोजनची जड भांडी उचलणं आणि बंद खोलीत हीलियम भरणं ही कामं सहकाऱ्याकडे द्या. संगणकावरचं विश्लेषण, लेखन, लेसरच्या मांडणीची आखणी ही कामं चालू राहू शकतात. काम बदलून मागितलं म्हणून शोधनिबंधावरचं नाव जाता कामा नये. हे आधी बोलून ठेवा.

६. पोस्टडॉकचे अर्ज केव्हा असतात? लग्न, बाळंतपण, घराची भाडेमुदत यांचा मेळ कसा घालायचा?

जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेवटच्या तारखा ऑक्टोबर ते डिसेंबर, ऑफर डिसेंबर ते फेब्रुवारी आणि रुजू होणं पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. सिद्धान्त आणि खगोलशास्त्रात हे चक्र ठरलेलं आहे. खगोलशास्त्रात अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ठरावामुळे १५ फेब्रुवारीच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करू नये असा संकेत आहे. जोडीदाराशी नीट बोलायला मिळणारे ते दिवस सोडू नका. प्रयोगाच्या क्षेत्रात अनुदान मिळालं की जागा निघते, त्यामुळे वर्षभर थोड्याथोड्या जाहिराती येतात.

गणपती ते दिवाळी हा काळ म्हणजे अर्जांचा हंगाम. घरच्यांना हे आधीच सांगितलं की गौरीच्या दिवशी लॅपटॉप उघडल्याचं वाईट वाटत नाही.

७. कुठल्या देशात जोडीदाराला काम करता येतं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बहुतेक जण तो ऑफर स्वीकारल्यावर विचारतात.

जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला आल्याबरोबर कुठलीही नोकरी करता येते. संशोधकाकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) किंवा संशोधक परवाना असेल तर जोडीदाराला भाषेची ए-१ परीक्षाही आधी द्यावी लागत नाही. पण कागदावर परवानगी असली तरी जर्मन न येता पुण्यातल्या शाळेची शिक्षिका तिथे काय काम करणार, हा प्रश्न उरतोच. परदेशी संशोधकांसाठीच्या जर्मन हुंबोल्ट फेलोशिपमध्ये जोडीदारासाठीही भाषावर्गाची सोय आहे. ती जरूर घ्या.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर आणि ग्लोबल टॅलेंट या दोन्ही व्हिसांवर आलेल्यांच्या जोडीदाराला काम करता येतं. तिथे खर्चाचा धक्का बसतो. आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. तीन वर्षांसाठी नवरा, बायको आणि एक मूल यांचे ८,५३८ पौंड होतात, व्हिसा शुल्क वेगळं. काही विद्यापीठं हे पैसे परत देतात. ऑफरवर बोलतानाच विचारा.

अमेरिकेत सगळं व्हिसाच्या अक्षरांवर ठरतं. एफ-२वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करता येत नाही. एच-४वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला, त्या एच-१बीधारकाचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापुढे गेला असेल तरच परवाना मिळतो. जे-२वर, म्हणजे जे-१ या विनिमय-व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला, तिथे पोचल्यावर अर्ज करून परवाना मिळवता येतो, मात्र त्याला काही महिने लागतात आणि ती कमाई जे-१धारकाच्या पोटापाण्यासाठी नाही असं सांगावं लागतं. पोस्टडॉकला विद्यापीठ जे-१ आणि एच-१बी यांतला पर्याय देत असेल तर कमावत्या जोडीदारासाठी सुरुवातीला जे-१ बरा. त्याची गुंतागुंत प्रश्न १४मध्ये आहे.

८. बायकोला हार्वर्डहून पोस्टडॉक आली आहे. मी बँकेत आहे. राजीनामा देऊ?

लगेच नको. सरकारी बँका, शासकीय खाती आणि अनुदानित शाळांमध्ये बिनपगारी किंवा असाधारण रजेची तरतूद असते. किती वर्षं, कोणाच्या मंजुरीनं आणि ज्येष्ठतेचं काय, हे आस्थापना विभागात जाऊन समजून घ्या. आयटीत असाल तर कंपनीची त्या शहरात शाखा आहे का पाहा, पण कंपनीकडून मिळणाऱ्या व्हिसाला वेळ लागतो.

अशी पत्रं पुरुषांकडून आता येऊ लागली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. ‘लोक काय म्हणतील’ हा त्यांतला न लिहिलेला अर्धा भाग असतो. बायकोनं नोकरी सोडून जाण्याला आपल्याकडे कुणी कारण विचारत नाही. मग नवऱ्यालाही विचारू नये. पहिलं वर्ष लांब राहायचं ठरवलंत तर ते किती काळ, वर्षातून कुणी कितीदा यायचं आणि तिकिटाचे पैसे कुठून येणार, हे लिहून काढा. मुदत न ठरवता लांब राहणं दोघांनाही पोखरतं.

९. आम्ही दोघंही भौतिकशास्त्रात आहोत. एकाच गावात नोकरी मिळणं शक्य आहे का?

शक्य आहे, पण संस्थेऐवजी शहर निवडावं लागतं. एकाच संस्थेच्या एकाच विभागात दोन जागा एकदम निघणं दुर्मीळ असतं. पुण्यात आयुका, एनसीआरए, आयसर, एनसीएल या संशोधनसंस्था आणि विद्यापीठ एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. मुंबईत टीआयएफआर, बीएआरसी आणि आयआयटी आहेत. बंगळुरू, कोलकाता, हैदराबाद इथेही अशी दाटी आहे. परदेशात म्युनिक, बर्लिन, बोस्टन आणि पॅरिसभोवती तसंच. एकाला अव्वल जागा आणि दुसऱ्याला काहीच नाही, यापेक्षा दोघांनाही बऱ्यापैकी जागा असलेलं शहर मी कधीही निवडेन.

अर्जात जोडीदाराचा उल्लेख करू नका. ऑफर हातात आल्यावर मात्र त्याच दिवशी सांगा. अमेरिका आणि जर्मनीतली अनेक विद्यापीठं अशा वेळी दुसऱ्यासाठी जागा शोधायला मदत करतात. भारतात तशी रुळलेली पद्धत नाही. नवरा-बायको एकाच संस्थेत नकोत, असा अलिखित संकेतही काही ठिकाणी कानावर येतो. तो लेखी दाखवायला सांगा. बहुतेकदा तसा कागद नसतो.

१०. लहान मुलाला घेऊन पोस्टडॉकला जायचं आहे. पाळणाघराचं काय?

व्हिसाच्या आधी पाळणाघराची प्रतीक्षायादी पाहा. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा २०१३पासून कायदेशीर हक्क आहे, पण मोठ्या शहरांत प्रत्यक्ष जागेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. बर्लिनमध्ये पाळणाघराची फी माफ आहे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत पोस्टडॉकच्या पगाराचा मोठा वाटा पाळणाघराला जातो. तिथे जोडीदाराचा परवाना यायच्या आधीचे महिने मूल घरीच राहील असं धरा.

युरोपातल्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपमध्ये पगाराशिवाय वेगळा कुटुंब भत्ता आहे. तो फेलोशिप चालू असताना लग्न झालं किंवा मूल झालं तरी लागू होतो. हुंबोल्टमध्येही कुटुंबासाठी जादा रक्कम आहे. जर्मन विद्यापीठांतल्या मुदतीच्या करारांना पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे. ती प्रत्येक मुलामागे दोन वर्षांनी वाढू शकते, आणि हे वडिलांनाही लागू आहे.

११. आईवडील साताऱ्याला एकटे आहेत. त्यांना बरोबर नेता येतं का?

कायमचं नेणं जवळजवळ अशक्य आहे. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण त्या विम्यात जुने आजार बहुधा धरलेले नसतात. मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना थंडीच्या महिन्यांत बोलावू नका.

मागे राहिलेल्यांसाठी जाण्याआधी एवढं कराच: बँक खात्यात दुसरं नाव, डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा नंबर भावंडांकडे, औषधांची यादी, आणि एक जवळचा माणूस जो रात्री दोनला दवाखान्यात जाईल. भाऊ किंवा बहीण हे करत असेल तर पैशाचा वाटा तुम्ही न मागता उचला. पोस्टडॉकच्या ठिकाणाहून तातडीनं यावं लागलं तर किती दिवस पगारी रजा मिळेल, हे रुजू होतानाच विचारून ठेवा.

१२. मुलामुळे तीन वर्षं संशोधन सुटलं. आता परत येता येईल का?

येता येईल, आणि त्यासाठी योजना आहेत. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण कार्यक्रमात खंड पडलेल्या महिलांसाठी फेलोशिप आहेत. मारी क्युरी फेलोशिपची पीएचडीनंतर आठ वर्षांची अट आहे, पण संशोधनाबाहेर गेलेला काळ त्यातून वजा होतो. अर्जात खंड लपवू नका. तारखा आणि कारण एका ओळीत लिहा आणि माफी न मागता पुढे जा.

गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं उदाहरण मी नेहमी देते. टीआयएफआरमध्ये काम, लग्नानंतर केंब्रिज, १९७२मध्ये जयंत नारळीकरांबरोबर मुंबईला परत, तीन मुली, आणि डॉक्टरेट १९८१मध्ये. त्या काळी त्यांच्यासाठी एकही योजना नव्हती. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करून आपण थांबतो, हे मला पुरेसं वाटत नाही. त्या वर्षांत पाळणाघर आणि अर्धवेळ फेलोशिप असती तर किती गणित झालं असतं, हेही विचारावं.

परतताना पहिले सहा महिने जुन्या विषयाच्या शेजारचा, नव्या सॉफ्टवेअरचा सराव होईल असा छोटा प्रश्न घ्या. मोठ्या प्रयोगगटात जुनी ओळख असेल तर विश्लेषणाचा एखादा भाग मागा. तिथे घरून बरंच काही करता येतं.

१३. परत महाराष्ट्रातच यायचं आहे. कितपत शक्यता आहे?

महाराष्ट्र असा हट्ट धरला तर कमी, भारत म्हटलं तर बरी. आयसर सात आहेत आणि त्यांतलं एकच पुण्यात. आयआयटीत पीएचडीनंतर साधारण तीन वर्षांच्या अनुभवावर सहायक प्राध्यापक होता येतं. तिथे मूळ वेतन महिना १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं आणि बहुतेक ठिकाणी आवारात घर मिळतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रयोगाच्या माणसांना ही संधी आहे, पण तिथे मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी यांचा विचार आजच करावा लागेल. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असल्यानं तिथल्या अनेकांना पुण्यात घर ठेवता आलं, ती सोय औंढ्याला नाही.

मुलं शाळेत असतील तर जूनमध्ये परता. परदेशातलं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, त्यामुळे मधेच आलेल्या मुलाचा एक वर्ग मागे-पुढे होतो. आठवीच्या आत परतणं मुलांना सोपं जातं. दहावीच्या वर्षात तर हलवूच नका. केंद्रीय संस्थेत रुजू झाल्यावर आईला किंवा एकल वडिलांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगारावर.

१४. जे-१वर गेल्यास दोन वर्षं भारतात राहावं लागतं म्हणतात. खरं आहे का?

सगळ्यांना नाही. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेनं कौशल्य-यादी (कुठल्या देशाला कुठल्या विषयांसाठी ही अट लागते त्याची यादी) बदलली आणि भारत त्यातून वगळला, त्यामुळे केवळ विषयामुळे लागणारी ही अट बहुतेक भारतीय संशोधकांना आता लागत नाही. सरकारी पैशावर गेला असाल तर मात्र लागू शकते. व्हिसावर आणि डीएस-२०१९ या जे-१च्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

याहून वेगळा आणि अनेकांना न कळलेला नियम असा: रिसर्च स्कॉलर म्हणून जे-१ संपवून परत आलात तर पुढचे २४ महिने त्याच प्रकारात पुन्हा जाता येत नाही. पाच वर्षांची कमाल मर्यादा शिल्लक असली तरीही. बाळंतपणासाठी सहा महिने घरी येऊन पुन्हा रुजू व्हायचा बेत असेल तर कार्यक्रम बंद न करता रजा घेता येईल का, हे निघण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी-संशोधकांसाठीच्या कार्यालयाला विचारा.

१५. नवरा जर्मनीत पोस्टडॉक आहे. मी त्याच्याबरोबर राहून तिथूनच मारी क्युरीला अर्ज करू का?

यात फार जणी अडकतात. अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, तर त्या देशासाठी अर्ज चालत नाही. तुम्ही तिथे नोकरी करत नव्हतात, नवऱ्याच्या व्हिसावर नुसत्या राहत होतात, तरी ते राहणं धरलं जातं. अंतिम तारीख बहुधा सप्टेंबरात असते. म्हणून एक तर जाण्याआधी भारतातून अर्ज करा, नाही तर बारा महिने भरण्याआधीची तारीख साधा. ती हुकली तर शेजारच्या देशातलं विद्यापीठ पाहा. आखेनहून नेदरलँड्स किंवा बेल्जियम, फ्रायबुर्गहून फ्रान्स रोज येण्याजाण्याच्या अंतरावर आहे. सीमेपलीकडे काम करण्याचा परवाना वेगळा लागतो, तो मात्र आधी तपासा.

१६. परदेशात जन्मलेल्या बाळाचं नागरिकत्व कुठलं?

जर्मनीत, पालकांपैकी एकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क नसेल तर बाळ भारतीयच. पोस्टडॉकच्या बाळांचं बहुधा असंच होतं. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करा. अमेरिकेत जन्मानं नागरिकत्व मिळण्याचा नियम आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांपुरता तो जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशानं वादात ओढला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. बाळ अमेरिकन झालं तर भारतात राहायला ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं) कार्ड लागतं. मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर अशा मुलांना नीट, जेईईसारख्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या जागाच खुल्या आहेत. परत येणार असाल तर हे बाळाच्या जन्माआधी माहीत असावं.

१७. ऑफर स्वीकारली, आणि मग कळलं की दिवस गेले आहेत. आता काय करू?

ऑफर रद्द होईल या भीतीनं गप्प राहू नका. रुजू होण्याची तारीख तीन ते सहा महिने पुढे ढकलणं ही बहुतेक ग्रुपना नवी गोष्ट नाही. बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवा, मग तारीख मागा. अमेरिकेत जाणार असाल तर आरोग्यविम्याचा कागद शब्दन्‌शब्द वाचा, कारण जे-१च्या काही विम्यांत आधीच्या स्थितीसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विद्यापीठाच्या कर्मचारी-योजनेत सामावून घेतलं तर तो प्रश्न सहसा येत नाही. विमान कंपन्या साधारण ३६ आठवड्यांनंतर प्रवास करू देत नाहीत, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत डॉक्टरांचं पत्र मागतात.

ग्रुपप्रमुखाला लिहिताना तीन गोष्टी एकाच ईमेलमध्ये असू द्या: नवी रुजू तारीख, तोवर घरून काय काम कराल, आणि करारातली नवी शेवटची तारीख. तिसरी गोष्ट राहून गेली की दोन वर्षांचा करार नकळत दीड वर्षाचा होतो. भारतात बाळंतपण करून जाणार असाल तर बाळाचा जन्मदाखला इंग्रजीतही काढा, पासपोर्टला लगेच अर्ज करा आणि बाळाच्या व्हिसाची भेटीची वेळ पासपोर्ट हातात येताच घ्या.